शेडमध्ये उभ्या गाडीच्या निमित्ताने: चारचाकी कंपन्यांच्या सर्व्हिस विभागांना खुलं पत्र

प्रति,
भारतात चारचाकी गाड्या बनवणाऱ्या सर्व कंपन्यांचे सर्व्हिस विभागप्रमुख यांस,

स. न. वि. वि.

मी कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर मलकापुरात गेली २२ वर्षं गाड्यांच्या वायरिंगची कामं करतो. पुढे आंबा घाट आहे. घाटात बंद पडलेली गाडी आधी माझ्याकडे येते, मग गरज पडली तर तुमच्याकडे जाते. तेव्हा आपली ओळख नसली तरी आपली गिऱ्हाइकं एकच आहेत.

पत्राचं कारण माझ्या शेडमध्ये उभं आहे. एक पांढरी हॅचबॅक, नऊ वर्षांची. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, टाकीत अर्ध्याच्या वर पेट्रोल आहे, सेल्फ मारला की इंजिन मोकळं फिरतं आणि नुसतं फिरतच राहतं. मीटरमध्ये चावीचं लाल चिन्ह उघडझाप करत असतं. मालक दूध संकलन केंद्र चालवतो. सोमवारी पहाटे कॅन उतरवताना चावी खिशातून पडली आणि टेम्पोचं मागचं चाक तिच्यावरून गेलं. चावीचं पातं ठोकून सरळ झालं, आतल्या चिपचा मात्र भुगा झाला. त्याच टेम्पोला दोर बांधून गाडी माझ्याकडे आणली. दुसरी चावी आधीच्या मालकाने दिलीच नव्हती. नवी चावी गाडीत नोंदवायला लागणारा कोड लिहिलेलं एक छोटं कार्ड असतं, हे तर त्याला माझ्याच तोंडून पहिल्यांदा कळलं.

त्याने माझ्यासमोरच, स्पीकरवर, कंपनीच्या वर्कशॉपला फोन लावला. कोणती कंपनी ते लिहीत नाही, कारण इतरांकडचा अनुभव काही निराळा नाही. कोड फोनवर देता येणार नाही, म्हणाले. बरोबर आहे, देऊही नये. तो म्हणाला, आरसी माझ्या नावावर आहे, आधार आहे, विमा चालू आहे, सगळे कागद घेऊन उद्या स्वतः येतो. तरी नाही. गाडी टो करून आणा, आणि एकही चालू चावी नसेल तर पूर्ण सेट बदलावा लागेल: ईसीएम (इंजिन चालवणारा संगणकी डबा), इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा), सगळी कुलपं, चाव्या. रक्कम ऐकून गडी स्टुलावर बसला. गाडी जेवढ्याला घेतली होती त्याच्या चौथाईच्या आसपास होती ती.

हे पत्र तुमच्याशिवाय गाडीवालेही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी जरा सांगतो. चावीच्या काळ्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते. तिला स्वतःचा सेल नसतो. रिमोटचा जो नाण्यासारखा सेल असतो तो दारं उघडायला, चिपशी त्याचा संबंध नाही. चावी इग्निशनमध्ये घालून फिरवली की कुलपाभोवती बसवलेली तांब्याची कॉइल चिपला आपल्या चुंबकीय क्षेत्रातून वीज देते, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झवर, आणि तेही काही सेंटिमीटरच्या आत. गाडी चिपला एक आकडा विचारते. चिप आपल्या पोटातल्या गुप्त किल्लीने हिशोब करून उत्तर देते. उत्तर जुळलं तर ईसीएम पेट्रोल आणि ठिणगी सोडतो. नाही जुळलं तर काही गाड्या सेल्फच घेत नाहीत, काही नुसत्या फिरत राहतात, आणि काही एक-दोन सेकंद चालू होऊन गपकन बंद पडतात. या तिसऱ्या प्रकारात लोक हमखास पेट्रोल पंपावर संशय घेतात आणि पंप बदलून मोकळे होतात.

यंत्रणेला माझा विरोध नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तिथे २०२१-२२ मध्ये ह्युंदाई आणि किआच्या इमोबिलायझर नसलेल्या गाड्या पोरासोरांनी यूएसबी केबलच्या टोकाने कुलूप फिरवून पळवल्या, वर त्याचे व्हिडिओ टाकले. तेव्हा चिप हवीच. प्रश्न पुढचा आहे. चिपने एके दिवशी खऱ्या मालकालाच अडवलं, तर त्याने काय करायचं?

आमच्याकडे अशी गाडी आली की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: दुसरी चावी आहे का? उत्तर ठरलेलं. घरी आहे, कपाटात. घर बोरिवलीला आणि गाडी आंब्याच्या वळणावर. तरी मी आणायला लावतो, कारण अर्धं निदान त्या चावीत आहे. दुसऱ्या चावीने गाडी चालू झाली तर दोष पहिल्या चावीचा. दोन्हींनी नाही झाली तर कॉइल, वायरिंग, नाहीतर इमोबिलायझरचा डबा.

मग चावीचा जुडगा सोडवतो. एकाच कडीत दोन चिपवाल्या चाव्या असतील तर दोघी एकदम बोलायला लागतात आणि गाडीला काही कळत नाही. पितळेची जाडजूड गणपतीची किचेन मी कितीदा बाजूला काढून ठेवली असेल. गणपतीची क्षमा मागून लिहितो, गाडी लगेच चालू झालेली पाहिली आहे.

त्यानंतर बॅटरी, आणि हे मी आमच्या पोरांना ओरडून सांगतो. मीटरमधला दिवा पाहून लगेच चिपच्या मागे लागू नका. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं की आतले डबे गडबडतात आणि इमोबिलायझरचा खोटा दोष दिसतो. टर्मिनलवर पांढरी बुरशी असली, किंवा अर्थिंगचा नट सैल असला, तरी तेच. पावसाळ्यात माझ्याकडे ‘चिप गेली’ म्हणून आलेल्या कित्येक गाड्या पॉलिश पेपर आणि दहा नंबरच्या पान्यावर बऱ्या झाल्या आहेत. त्याचे पैसे मागायला लाज वाटते, चहावर भागतं.

दिवा हाच खरा साक्षीदार आहे. इग्निशन चालू केल्यावर तो पेटून दोन-चार सेकंदांत विझला, तर गाडीने चावी ओळखली. मग इंजिन फिरून पेट घेत नसेल तर भांडण दुसरीकडे आहे. क्रँक सेन्सर बघा, पंपाचा बारीक घूं आवाज येतो का ऐका. दिवा उघडझाप करत राहिला तरच चिपकडे वळा. आणि गाडी लॉक करून उभी असताना तोच दिवा संथ लुकलुकत असेल तर तो राखणीवर आहे, काही बिघडलेलं नाही. हे न कळल्यामुळे मला रात्री अकराला फोन येतात, ‘दादा, गाडीत लाल लाइट लुकलुकतेय, सकाळपर्यंत बॅटरी उतरेल का?’

आता तुमचं पुस्तक काढा. गाडीसोबत देता ते. या दिव्याच्या चित्रापुढे बहुधा एकच वाक्य असतं: जवळच्या अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा. घाटात, पावसात, रेंज नसताना. मी वर जे तीन-चार परिच्छेद लिहिले त्यात गुप्त काय आहे? चोराला यातून काय मिळणार? पण मराठीत सोडा, इंग्रजीतही ते धड कोणी लिहून देत नाही.

बटणाने चालू होणाऱ्या गाड्यांचं तर विचारू नका. मागच्या श्रावणात एक जोडपं मुंबईहून गणपतीपुळ्याला गेलं आणि येताना वाट वाकडी करून पन्हाळ्याला निघालं. आंब्यात चहाला थांबले, परत येऊन बटण दाबलं तर मीटरवर ‘चावी सापडत नाही’. चावी हातात! तीन तास तिथेच. शेवटी हॉटेलवाल्याने मला फोन केला. मी तिथूनच सांगितलं, चावीचा सेल उतरलाय, चावी बटणाला टेकवा आणि तशीच धरून बटण दाबा. गाडी चालू. त्या चावीत साधी चिपही असते आणि बटणापाशी तिच्यासाठी कॉइल असते, सेल मेला तरी चालावं म्हणूनच तुम्ही ती सोय केलेली आहे. काही गाड्यांत ती जागा बटणाऐवजी कन्सोलच्या खाचेत असते. म्हणजे सोय तुम्हीच केली, पैसे गिऱ्हाइकाने मोजले, आणि विकताना सांगायचं राहून गेलं. डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो सगळं होतं. त्या फोटोच्या वेळात एवढं एक करून दाखवता आलं असतं. (चावी आणि मोबाइल एकाच खिशात ठेवू नका, हेही. मोबाइलने चावीचं बोलणं दाबलं जातं.)

आमच्या बाजूच्या चुकाही लिहितो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. बसस्टँडवरचे चावीवाले फुटलेलं कव्हर बदलून देतात. जुन्या पद्धतीच्या चाव्यांत चिप वेगळी असते, चिंचोक्याच्या निम्म्याएवढा काळा तुकडा, कव्हरच्या कोपऱ्यात बसवलेला. तो जुन्या कव्हरसकट कचऱ्यात जातो. गिऱ्हाईक नवीकोरी चावी घेऊन गाडीत बसतं आणि गाडी मरते. मी आमच्या चावीवाल्याकडून जुनी कव्हरं फेकू द्यायची नाहीत असं कबूल करून घेतलं आहे.

आणि बाहेरून बसवलेले अलार्म. सायरनवाला सेंट्रल लॉक बसवताना इग्निशनची वायर कापून मधे रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकतात, वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळतात. आमच्याकडच्या पावसात दोन वर्षांत तो जोड हिरवा पडतो. मग गाडी कधी चालू होते, कधी नाही, आणि स्कॅनरला (गाडीतले दोष वाचणाऱ्या यंत्राला) काही दिसत नाही, कारण त्या रिलेची गाडीला खबरच नसते. उंदरांबद्दल वेगळं लिहायला हवं. बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते आणि वायर कुरतडायला त्यांना कारण लागत नाही.

स्कॅनर माझ्याकडे आहे. स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या सॉकेटला लावला की पी ०५१३ दिसतो, म्हणजे चावी चुकीची. पी ०६३३ म्हणजे चावी नोंदवलेलीच नाही. यू ०१६७ म्हणजे इमोबिलायझरच्या डब्याशी बोलणंच तुटलं आहे. शेडमधल्या गाडीचा दोष मला सोमवारीच दहा मिनिटांत कळला. नवी कोरी चिप माझ्या खणात आहे. अडलंय ते गाडीत ती नोंदवण्याच्या परवानगीवर. ती कोडशिवाय मिळत नाही, आणि कोड तुमच्याकडे आहे.

तुम्ही म्हणाल, कोड बाहेर गेला तर चोरांचं फावेल. साहेब, चोर कधीच पुढे गेले. २००५ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या काळी लाखो गाड्यांत असलेली एक चिप फोडून दाखवली. तिची गुप्त किल्ली फक्त ४० बिटांची होती. २०१२ मध्ये नेदरलँड्स आणि इंग्लंडच्या संशोधकांना अनेक मोठ्या कंपन्या वापरत असलेल्या मेगामॉस क्रिप्टो चिपमध्ये खोट सापडली. त्यावर खोट दुरुस्त करण्याआधी फोक्सवॅगनने २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयातून तो निबंध छापायलाच मनाई आणली. शेवटी २०१५ मध्ये तो छापला गेलाच. मधल्या दोन वर्षांत गाड्या काही जास्त सुरक्षित झाल्या नाहीत, फक्त मालकांना कळलं नाही. आपल्याकडेही पोलीस टोळ्या पकडतात तेव्हा जप्तीत चाव्या प्रोग्राम करायची यंत्रं असतात. चोराने कोडसाठी कोणाच्या काउंटरवर रांग लावलेली नसते. रांगेत आरसी घेऊन उभा असतो तो दूधवाला.

कायद्याचंही थोडं. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने एका ग्राहकाच्या तक्रारीवरून १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत, असं त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली, वकिलांची घरं चालली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारीही आल्या, डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं. मी हे सगळं वाचतो. मलकापुरात त्यातलं अजून काही उतरलेलं नाही.

तुम्हाला चावीचं गुपित रस्त्यावर टाका असं कोणी म्हणत नाही. अमेरिकेत चावीवाल्यांची आणि वायरिंगवाल्यांची पार्श्वभूमी तपासून नोंदणी होते. नोंदणी झालेला माणूस गाडीमालकाची ओळख आणि कागद तपासून कंपनीकडून कोड घेऊ शकतो, आणि कोणी, कोणत्या गाडीसाठी, केव्हा घेतला याची नोंद राहते. युरोपात सेर्मी नावाची अशीच पद्धत आहे: गॅरेज आणि माणूस दोघांची मान्यता, मग सुरक्षेची माहिती खुली. माझी पोलीस पडताळणी करा, बोटांचे ठसे घ्या, दर कोडमागे फी लावा. चुकीच्या हातात कोड गेला तर माझं नाव आधी पुढे येईल अशी सोय करा. मी आज अर्ज भरतो. अर्जच नाही.

आणि ज्याची गाडी आहे त्याला त्याचा कोड द्यायला कसली अडचण? आरटीओत गाडी नावावर झाली की जुन्या मालकाकडून नव्याकडे आरसी जाते, विमा जातो, मग हा कोडही कागद तपासून तुमच्या काउंटरवर मिळायला हवा. जुनी गाडी विकत घेताना दोन्ही चाव्या हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, हे मी गावात सांगत फिरतो. ते फक्त दुसऱ्या चावीपुरतं नाही. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही मूळ चाव्या मागते, एक नसेल तर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. विम्याच्या जुन्या दरपत्रकात पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेल्या चोरीरोधक यंत्राबद्दल हप्त्यात अडीच टक्के सवलत आहे, पण जास्तीत जास्त ५०० रुपये. या गाडीच्या सेटचा अंदाजखर्च त्याच्याशेजारी ठेवून बघा.

पुस्तकाचं एक पान मी लिहून देतो, मराठीत, फुकट. दिवा कधी कसा लुकलुकतो, दुसरी चावी का लावून बघायची, जुडगा का सोडवायचा, सेल मेला तर चावी कुठे टेकवायची, आणि कोडचं कार्ड गाडीच्या डिकीत का ठेवायचं नाही. हे शेवटचं लोक फार करतात. तुम्ही फक्त ते छापा, आणि गाडी देताना पेढ्यांच्या बॉक्ससोबत द्या.

शेडमधल्या गाडीबद्दल. तिचा चेसिस नंबर मी इथे लिहीत नाही, मालकाने आरसीच्या प्रतीसह अर्ज मंगळवारीच ईमेलने पाठवला आहे. तुमच्यापैकी ज्यांना तो मिळाला त्यांना कळेल. दुधाची गाडी बंद म्हणून सध्या तो भावाच्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून फेऱ्या मारतो. उद्या सकाळच्या एसटीने तो माझ्याकडे येणार आहे. नवी चावी कापून तयार आहे, चिप आत बसवली आहे. त्याला टेम्पो आणि दोर घेऊन ये म्हणू, की नुसता ये म्हणू, एवढं आज संध्याकाळपर्यंत कळवावं.

आपला,
एक वायरिंगवाला
मलकापूर, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर